ओहोटीच्या वेळेला बांधलेलं काम: किनाऱ्यावरच्या संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

१९३८च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन बंदरावर मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर खलाशांना शुभेच्छा द्यायला गेली. तिथल्या छोट्या संग्रहालयाची ती प्रमुख. ट्रॉलरचा कप्तान हेंड्रिक गूसेन याच्याशी तिची ओळख होती आणि जाळ्यात काही वेगळं आलं की तो तिला निरोप धाडायचा. त्या दिवशीच्या माशांच्या ढिगाऱ्यातून तिला एक निळा पर डोकावताना दिसला. वरचे मासे बाजूला केल्यावर दीड मीटर लांबीचा, चिलखतासारख्या खवल्यांचा मासा निघाला. टॅक्सीवाला असलं काही गाडीत घ्यायला तयार होईना, तेव्हा तिने त्याच्याशी हुज्जत घातली आणि मासा नेलाच. तो होता सीलाकँथ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा गट संपला, असं तोवर सगळे धरून चालले होते.

गोष्ट इथे थांबत नाही. जे. एल. बी. स्मिथ या मत्स्यतज्ज्ञाने दुसरा नमुना मिळवण्यासाठी इंग्रजी, फ्रेंच आणि पोर्तुगीज अशा तीन भाषांत पत्रकं छापून वाटली. शंभर पौंडांचं इनाम लावलं. तरी चौदा वर्षं गेली. १९५२ साली कोमोरो बेटांजवळ दुसरा मासा सापडला, तेव्हा कळलं की तिथल्या मच्छीमारांना तो ठाऊकच होता. ते त्याला ‘गोंबेसा’ म्हणत.

नव्या मुलामुलींना मी पहिल्याच दिवशी हा किस्सा ऐकवतो. किनाऱ्यावरचं संशोधन करायला निघालेल्या बहुतेकांच्या डोक्यात क्रम असा असतो: आधी अभ्यास, मग निष्कर्ष, शेवटी वेळ उरला तर गावात एखादं व्याख्यान. माझ्या अनुभवात असं काम दोन वर्षांत कोरडं पडतं. गावाशी बोलणं हा अभ्यासाचाच भाग धरला, तर आकडेही बरे येतात. खालच्या पायऱ्या त्याच समजुतीने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: काही दिवस काहीही मोजू नका

चौकट, दोरी, टेप घरी ठेवा आणि जिथे होड्या लागतात तिथे जा. एकदा पहाटे, एकदा दुपारी, एकदा लिलावाच्या वेळी. कोण कुठे बसतं, कुठली होडी कधी परतते, खडकावर कोण उतरतं, हे नुसतं बघा. वही बाहेर काढू नका. अनोळखी माणूस वहीत काही लिहितोय म्हटल्यावर लोक त्याला एकतर सरकारी माणूस समजतात नाहीतर जमीन घ्यायला आलेला, आणि असं समजण्यामागे त्यांची कारणं असतात.

कोणी विचारलं तर चार गोष्टी सरळ सांगा: तुम्ही कोण, पैसे कोण देतं, काय मोजणार, आणि त्याचं पुढे काय होणार. चौथ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर ते आधी शोधा. ‘यातून तुमचा फायदाच होईल’ असं चुकूनही म्हणू नका. फायदा होईलच, हे तुम्हाला माहीत नाही आणि ऐकणाऱ्यालाही ते कळतं.

परवानगी दोन ठिकाणची लागते. संरक्षित प्रजाती, राखीव क्षेत्र, नमुने गोळा करणं यांचे नियम प्रत्येक देशात वेगळे असतात. ते संबंधित खात्याकडून लेखी घ्या. दुसरी परवानगी कागदावर नसते. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळचं टटूश बेट मका या आदिवासी राष्ट्राच्या मालकीचं आहे. रॉबर्ट पेन या परिसंस्थाशास्त्रज्ञाने तिथे कित्येक दशकं काम केलं ते मका लोकांच्या संमतीने. एका खडकावर इतकी वर्षं जाता येणं हेच त्याच्या कामाचं मोठं भांडवल होतं.

ओळख जमली की एक मोठा कागद पसरा, किनाऱ्याची ढोबळ रेघ ओढा आणि पेन्सिल समोरच्याच्या हातात द्या. मच्छीमारांकडे प्रत्येक खडकाला, प्रत्येक खड्ड्याला नाव असतं. ती नावं जशीच्या तशी घ्या. पुढे तुमच्या नोंदीत ‘स्थानक क्रमांक ३’ असेल, पण गावात बोलताना त्या खडकाचं नावच वापरायचं.

दुसरी पायरी: प्रश्न लहान करा

लोक सांगतील, ‘मासळी कमी झाली.’ हा प्रश्न खरा आहे, पण एका माणसाच्या आणि एका टेपच्या आवाक्यातला नाही. त्याला कापत कापत ‘या कातळावर कालवांनी व्यापलेली जागा वर्षागणिक बदलतेय का?’ इथपर्यंत आणा. उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘इतक्या टक्क्यांनी’ असं देता येईल तेव्हा प्रश्न पुरेसा लहान झाला म्हणायचा. कापलेला प्रश्न पुन्हा लोकांपुढे ठेवा आणि विचारा, हे कळलं तर तुमच्या काही कामाचं आहे का. कधी कधी ‘नाही’ असं उत्तर येतं. तेव्हा प्रश्न बदला.

तिसरी पायरी: पाण्याचं घड्याळ शिका

बऱ्याचशा किनाऱ्यांवर दिवसातून दोन भरत्या येतात, एकीपासून दुसरीपर्यंत साधारण बारा तास पंचवीस मिनिटं. त्यामुळे आजची ओहोटीची वेळ उद्या सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. काही ठिकाणी, मेक्सिकोच्या आखाताच्या बऱ्याच भागात उदाहरणार्थ, दिवसाला एकच भरती येते. म्हणून आपल्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक मिळवा, शेजारच्या बंदराचं चालत नाही.

अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण असतं. तेव्हा पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खालीही उतरतं. खडकांवरच्या जिवांची पाहणी याच दिवसांत करायची, कारण एरवी पाण्याखाली राहणारा पट्टा तेव्हाच उघडा पडतो. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी फारसं हलत नाही. ते दिवस वह्या लिहायला आणि लोकांना भेटायला ठेवा.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. दिवसाला दोन भरत्या असतील तिथे अंदाजासाठी बारा भागांचा हिशेब धरतात: पहिल्या तासात एकूण चढाचा एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. भरती-ओहोटीतला फरक चार मीटर असेल तर तिसऱ्या एका तासातच पाणी मीटरभर चढतं. पहिल्या तासाचा निवांतपणा बघून माणूस फसतो आणि मागची वाट कधी बुडाली ते कळत नाही. म्हणून ओहोटीच्या तास-दीड तास आधी खाली उतरा, पाण्यामागोमाग काम करत जा आणि पाणी फिरलं की तुम्हीही फिरा. चौकटी अपुऱ्या राहिल्या तर राहू द्या. एकट्याने जाऊ नका, आणि किती वाजता परतणार ते किनाऱ्यावर कोणाला तरी सांगून जा. समुद्राकडे पाठ करून वाकून मोजत बसायची सवय लागते, म्हणून दोघांपैकी एकाने लाटांवर नजर ठेवायची.

चौथी पायरी: चौकट आणि टेप

खर्च फार नाही. प्लास्टिकच्या पाइपाची ५० सेंटिमीटर बाय ५० सेंटिमीटरची चौकट करा. आत दर दहा सेंटिमीटरवर दोऱ्या ताणल्या की पंचवीस घरं होतात आणि प्रत्येक घर चार टक्क्यांचं. कालवांनी किती जागा व्यापली हे घरं मोजून सांगता येतं. सुटे प्राणी, म्हणजे गोगलगायी, खेकडे, तारामासे, थेट मोजायचे. पाइपात पाणी शिरायला भोकं पाडा, नाहीतर चौकट तरंगत निघून जाते. (माझी पहिली चौकट अशीच गेली. ती बहुधा अजून समुद्रात असेल, आणि प्लास्टिकच्या कचऱ्यावर बोलताना मला ती आठवते.)

भरतीच्या रेषेपासून पाण्यापर्यंत टेप सरळ खाली टाका. उतरताना पट्टे बदलत जातात: वर छोट्या गोगलगायी, मग बार्नेकल, मग कालवं किंवा शिंपले, खाली शेवाळं. बार्नेकल शंखासारखे दिसतात, पण ते खेकडा-कोळंबीच्या कुळातले आहेत; नवखी माणसं इथे हमखास चुकतात. प्रत्येक पट्ट्यात निदान पाच चौकटी ठेवा. कुठे ठेवायच्या ते आपल्या डोळ्यांनी ठरवू नका, कारण डोळा जिथे गर्दी दिसते तिथेच जातो. चौकट फेकूही नका. फासा टाका आणि तेवढी पावलं बाजूला जा.

हे पट्टे का पडतात, याचं उत्तर दोन जुन्या प्रयोगांत आहे आणि दोन्ही हाताने करण्यासारखे होते. जोसेफ कॉनेल या परिसंस्थाशास्त्रज्ञाने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर वरच्या पट्ट्यातले बार्नेकल खालच्या पट्ट्यात ठेवून बघितले. शेजारची मोठी जात खरवडून काढली की ते तिथेही मजेत जगत होते. १९६१ साली त्याने हे मांडलं. वरची हद्द ऊन आणि कोरडेपणा ठरवतो, खालची हद्द शेजारी ठरवतो, असं त्यातून दिसलं. पेनने १९६३ पासून एका खडकावरचे तारामासे उचलून समुद्रात फेकायला सुरुवात केली. खाणारा गेल्यावर शिंपल्यांनी सगळी जागा बळकावली आणि तिथल्या पंधरा जातींपैकी आठच उरल्या. हे दोन्ही प्रयोग शाळकरी मुलांना कातळावर उभं करून सांगा. फळ्यावर यातलं काही पोचत नाही.

आता माझी चूक. एका उधाणाला मी सकाळपासून कालवं मोजत होतो. मधल्या पट्ट्यात चौकटीमागून चौकट जवळजवळ रिकामी येत होती आणि मनातल्या मनात मी ‘तापमानवाढीचा परिणाम’ असं काहीबाही रचायला लागलो होतो. कालवं काढणाऱ्या एक मावशी हातात कोयती घेऊन खाली आल्या, माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि जरा वेळाने म्हणाल्या, “बाळा, इथली मी कालच काढली. आज मोजून तुला काय मिळणार?” मग त्यांनी कोयतीच्या टोकाने खडकावर चिकटून राहिलेली खालची शिंपली दाखवली. ताजी फोडलेली आतून पांढरीशुभ्र होती, जुनी हिरवट. तेवढ्यावरून त्या सांगत होत्या की ही काल, ही महिन्यापूर्वी. माझ्या नोंदवहीत त्या दिवशी एक नवा रकाना वाढला: ‘शेवटची काढणी कधी, कोणी सांगितलं.’ तुमच्या वहीत तो पहिल्या दिवसापासून ठेवा.

पाचवी पायरी: पाणी मोजणं

इथे थोडक्यात सांगतो, कारण उपकरणांचा मोह टाळणं हेच या पायरीतलं मुख्य काम. तापमापक घ्या. क्षारतेसाठी अपवर्तनमापी (थेंबातून जाताना प्रकाश किती वळतो त्यावरून क्षार सांगणारं उपकरण) चालतो, मात्र दर वेळी आधी शुद्ध पाण्याचा थेंब टाकून शून्य जुळवा. खुल्या समुद्रात किलोभर पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. खाडीच्या तोंडाशी पावसानंतर हा आकडा झपाट्याने खाली येतो.

पाण्याची पारदर्शकता मोजायला सेकी तबकडी. अँजेलो सेकी या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ साली ती वापरली आणि दीडशे वर्षांनंतरही ती वापरात आहे. तीस सेंटिमीटरची पांढरी तबकडी, खाली वजन, वर खुणा केलेली दोरी. होडीच्या सावलीच्या बाजूने सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी घ्या. काळा चष्मा काढून ठेवा.

सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) मात्र कागदी पट्टीने मोजू नका. औद्योगिक काळापासून समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू साधारण ८.२ वरून ८.१ वर आलाय. एवढा फरक पट्टीवर दिसणं शक्य नाही. पट्टीचा रंग बघून ‘समुद्र आम्ल झाला’ असं गावात जाहीर करणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत. ८.१ ला पाणी अल्कधर्मीच असतं. बदल होतोय तो आम्लाच्या दिशेने.

होडीवाले तयार असतील तर तापमापक आणि तबकडी त्यांच्याकडेच द्या. यात नवं काही नाही. ॲलिस्टर हार्डी या ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञाचं प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीव, गोळा करणारं यंत्र १९३१ पासून साधी व्यापारी जहाजं आपल्या मागे ओढत नेत आहेत, आणि उत्तर अटलांटिकच्या प्लवकांबद्दल जे माहीत आहे त्यातलं बरंचसं त्यातूनच आलं.

सहावी पायरी: वही

पेन्सिलने लिहा. शाई ओली झाली की पान निळं होतं. जागा, तारीख, वेळ, ओहोटीची उंची, हवा, मोजणाऱ्याचं नाव. शून्य आलं तर शून्य लिहा. रिकामी जागा ठेवली तर ‘नव्हतं’ की ‘बघितलंच नाही’ हे सहा महिन्यांनी तुम्हालाही सांगता येत नाही. जात ओळखता आली नाही तर ‘गोगलगाय, अ’ असं लिहून पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. अंदाजाने शास्त्रीय नाव ठोकून देणं हा गुन्हाच समजा. घरी पोचल्यावर त्याच दिवशी सगळं संगणकावर उतरवा.

मृत, वेगळा प्राणी किनाऱ्याला लागला तर काय करायचं हे आधी ठरवून ठेवा: कोणाला कळवायचं, बर्फ कुठे मिळेल, परवानगी कोणाची. कोर्टनी-लॅटिमरला तो मासा टिकवायला पुरेसं फॉर्मलिन मिळालं नव्हतं. स्मिथ येईपर्यंत आतले अवयव फेकून द्यावे लागले होते.

सातवी पायरी: लोकांना घेऊन खडकावर

जिवंत प्राणी बघायला माणसं येतात, हे अँटन डोर्न या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाला पक्कं ठाऊक होतं. नेपल्सच्या आपल्या संशोधन केंद्रात त्याने १८७४ साली लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. तिकिटाच्या पैशावर वर प्रयोगशाळा चालावी हा त्याचा बेत. तुम्हाला मत्स्यालय लागत नाही, ओहोटी पुरते.

दहा-बारा माणसांना एक जाणता, याहून मोठा गट नको. मुलं असतील तर त्याहून लहान. नियम खडकावर उतरण्याआधी सांगा, कारण पहिला खेकडा दिसल्यावर कोणी ऐकत नाही. दगड उचलायचा तो आपल्याकडे, म्हणजे मागे सरपटणारा जीव तुमच्या पायाकडे न येता पाण्याकडे पळतो. आणि दगड होता तसाच परत ठेवायचा. खालच्या बाजूला चिकटलेले स्पंज आणि अंडी उन्हात उलटी राहिली तर एका दुपारीत मरतात. हात ओले करून, दोन बोटांनी, हलकेच स्पर्श. तारामासा चिकटून बसला असेल तर ओढायचा नाही, त्याचे नळीसारखे पाय तुटतात. शंकूच्या आकाराचे नक्षीदार शंख अजिबात उचलायचे नाहीत. त्यांच्यातले काही माणूस मारू शकतात. वाळूवर पडलेली निळी ‘ब्लू बॉटल’ (जेलीफिशसारखा दिसणारा जीव) मेलेली असली तरी डंख करते.

पंचवीस जातींची नावं घेत पळू नका. एका डबक्याशी अर्धा तास बसा. पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही, मुलं कुरकुरतात, मग एक शंख चालायला लागतो आणि सगळ्यांना कळतं की आत खेकडा आहे. तुम्ही बोलणं थांबवायची हीच वेळ. आणि निम्मं तरी बोलणं गावातल्या जाणत्या माणसाकडे सोपवा. खेकड्याचं बीळ कुठल्या तोंडाचं ते त्यांना जास्त माहीत असतं. त्यासाठी मानधन द्या, तुमच्या पाहुण्या व्याख्यात्याला देता तसं.

सगळ्यांना खडकावर उतरता येत नाही. त्यांच्यासाठी बारीक जाळीने गाळलेलं समुद्राचं पाणी आणि एक सूक्ष्मदर्शक पुरतो. ज्या पाण्यात आयुष्य गेलं त्याच्या एका थेंबात खेकड्याची काटेरी अळी पोहताना बघून जुनेजाणते मच्छीमार खुर्ची सोडत नाहीत, मागे रांग लागली तरी.

आठवी पायरी: आकडे आधी गावात

एका वर्षी माझे निष्कर्ष गावाला कळण्याआधी एका वर्तमानपत्रात आले. ‘अति काढणीमुळे कालवं धोक्यात’ असा मथळा होता. मी ‘एका पट्ट्यात घट दिसते, कारण तपासतोय’ एवढंच म्हटलं होतं. पण बोललो मीच होतो. पुढचा हंगामभर मावशी माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हापासून क्रम ठरलेला आहे: ज्यांच्या खडकावर मोजलं त्यांना आधी, शास्त्रज्ञांना नंतर, बातमीदाराला शेवटी आणि लिहून. वाईट बातमी असेल तर ती समोर बसून सांगायची आणि त्यांचं स्पष्टीकरण नोंदवहीत घ्यायचं, पटो न पटो.

काही गोष्टी अजिबात जाहीर करायच्या नाहीत. दुर्मीळ जातीची नेमकी जागा, माशांची अंडी घालायची ठिकाणं, आणि विश्वासाने सांगितलेल्या मासेमारीच्या जागा. आय-नॅचरलिस्टसारख्या, निसर्गातल्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या ठेवणाऱ्या संकेतस्थळावर नोंदी टाकत असाल तर जागा धूसर करायची सोय तिथे आहे, ती वापरा. फोटोत मागचा खडक ओळखू येतो का तेही बघा.

आकडे दाखवायचे कसे? आलेख काढलेला माझा पहिला फलक लिलावाच्या शेडमध्ये दोन महिने टांगलेला होता आणि त्यावर लोक ओले टॉवेल वाळत घालायचे. मग आम्ही त्याच भिंतीवर खऱ्या मापाची, ५० बाय ५० सेंटिमीटरची चौकट रंगवली आणि सरासरी चौकटीत जेवढी कालवं निघाली तेवढी तिच्यात काढली. पुढच्या वर्षी शेजारी दुसरी. दोन वर्षं शेजारी शेजारी उभी राहिल्यावर कोणाला टक्केवारी समजवावी लागली नाही. मावशी एक दिवस समोर उभ्या राहून बोटाने मोजत होत्या. “दुसरीत दोन जास्त काढलीयेस,” त्या म्हणाल्या. वही काढून बघितलं तर खरंच चित्रकाराने दोन वाढवली होती.

रंग तेलाचा वापरा. आणि चौकटीखाली पुढच्या वर्षीच्या मोजणीची तारीख आणि ओहोटीची वेळ कोष्टकातून काढून आत्ताच लिहून टाका, म्हणजे त्याच्या आदल्या आठवड्यात त्या पट्ट्यातली कालवं कोणी काढणार नाही.